बीपी लाडखेडले पोचलं

विमलबाईनं आजवर कोणाला त्याचं बीपी आकड्यात सांगितलं नाही. ती गाव सांगते.

म्हणजे असं बघा. तुम्ही आमच्या दिग्रसच्या दवाखान्यात आलात, स्टुलावर बसलात, बाही वर केलीत. विमलबाई तुमच्या दंडाला पट्टा गुंडाळणार, नळी कानात घालणार आणि डोळे मिटणार. तुम्ही काही बोलायला गेलात की डोळे न उघडताच म्हणणार, "चूप बसा जी. गाडी चालू आहे." मग फुस्स करून हवा सोडणार, डॉक्टरांसाठी कागदावर आकडा लिहिणार, आणि तुम्हाला सांगणार, "दारव्ह्याले आहे. मीठ कमी करा, वापस येते."

यवतमाळचा रस्ता आमच्याकडं सगळ्यांना पाठ. दिग्रसहून निघालं की दारव्हा, मग लाडखेड, मग यवतमाळ. बीपी दिग्रसला असलं की माणूस घरीच आहे, काळजी नाही. दारव्हा म्हणजे लोणचं-पापड बंद. लाडखेड म्हणजे गोळी चुकवायची नाही. अन् यवतमाळ म्हणजे डॉक्टर बोलावतपर्यंत जागचं हलायचं नाही. इथं माणूस जास्त बिघडला की त्याला यवतमाळला नेतात, तिथं हात टेकले की नागपूरला. पण नागपूर हा शब्द बाईनं कधी तोंडातून काढला नाही. अन् बीपी उतरलंच तर गाडी उलट्या रस्त्यानं जायची. "पुसदकडं निघालं व तुह्यं. साखरपाणी घे आधी."

मी त्याच दवाखान्यात कंपाउंडर. नाव गजानन. विमलबाई यायच्या चार वर्षं आधीपासून आहे. हे मुद्दाम सांगून राह्यलो, कारण ते कोणाच्या ध्यानात राहत नाही.

आता स्पष्टच बोलतो. मला या बाईचा हेवा वाटतो. आजचा नाही, जुना आहे. लोक विचारतात, गजूभाऊ, तुमचं विमलबाईसंग काहून जमत नाही? अरे बाप्पा, कसं जमंल? गोळ्या देणार मी. सकाळची कोणती, संध्याकाळची कोणती, जेवणाआधी का नंतर, घसा कोरडा होईपर्यंत सांगणार मी. अन् गुण आला की तुरीच्या शेंगा कोणाला? विमलबाईला. हिवाळ्यात तिच्या स्टुलाखाली शेंगा, बोरं, हिरवा हरभरा, पाय ठेवायला जागा नसायची. ती अर्धं माझ्याकडं सरकवायची. मी म्हणायचो, नको. दुसऱ्याच्या मानाचं आपण कायले खायचं? एकदा हे मोठ्या तोऱ्यात घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "आणाच्या होत्या ना. दाणे सोलून सोल्याची भाजी केली असती."

लग्नाच्या पत्रिका यायच्या. वर लिहिलेलं असायचं, 'विमलबाई व दवाखान्यातील इतर मंडळी'. बावीस वर्षं नोकरी करून मी इतर मंडळी झालो.

त्यात माझी जागा अशी की विचारू नका. औषधाच्या खोलीला एक खिडकी, वीतभर उंच, हातभर रुंद. तिच्यातून चिठ्ठी आत येणार, पुडी बाहेर जाणार. गावानं माझा फक्त हात पाहिलेला. एकदा बाजारात एका बुढीला रामराम केला, तिनं ओळखलंच नाही. मग मी पिशवी घ्यायला हात पुढं केला, तर अंगठीकडं पाहून म्हणते, "अव माय! तुम्ही तं औषधवाले!"

विमलबाईला मात्र सगळा बाजार ओळखायचा. तिचीही तऱ्हा न्यारी. ती भाजी घ्यायला जायची, पण डोळे दुसऱ्यांच्या पिशव्यांत. पापडाच्या दुकानापाशी कोणी दिसला की रस्त्याच्या या बाजूनं ओरडायची, "ओ दारव्हेवाले! ठेवा ते खाली!" चारचौघांत माणूस मान खाली घालून पापड परत ठेवायचा. दुकानदार तिच्या नावानं कडाकडा बोटं मोडायचा, अन् दर महिन्याला तिच्याकडंच बीपी मोजायला यायचा. तो स्वतः लाडखेडले होता.

तिचं ते पाऱ्याचं मशीन तिनं एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेलं. मला हात लावू द्यायची नाही. "तुमचा हात घाईचा आहे भाऊ," म्हणायची. बावीस वर्षांत जो हात गावानं पाहिला, त्यालाही तिनं नाव ठेवलं.

अन् कहर म्हणजे माझ्या घरात ती भाषा शिरली. खुद्द माझी बायको तिच्याकडं बीपी मोजून येऊन ऐटीत सांगायची, "मी दारव्ह्याच्या अलीकडंच आहे." काही वाद झाला की हात जोडून म्हणायची, "आता गप बसा, मले लाडखेडले नका नेऊ." स्वतःच्या घरात भांडायचीही सोय राहिली नाही.

तर असं चाललं होतं, अन् मोठ्या डॉक्टरांनी दवाखाना सोडला. गुडघे गेले, मुलगा हैदराबादला, तिकडं गेले. दवाखाना घेतला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी. माहेर-सासर सगळं नाशिककडचं, नवऱ्याची नोकरी इकडं लागली म्हणून आल्या. बोलायला गोड, कामाला कडक. आम्ही त्यांना मॅडम म्हणायला लागलो.

मॅडमनी आठवड्याभरात दवाखान्याचं रूप पालटलं. नंबर दाखवणारी लाल दिव्यांची पाटी आली. केसपेपर गेले, लॅपटॉप आला. जो तो सुई मागायचा, ती बंद झाली. मोबाइलवर नंबर लावायची सोय झाली. अन् बीपीचं नवं मशीन आलं, बटण दाबलं की आपोआप फुगणारं अन् चिठ्ठी काढून देणारं. विमलबाईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं अन् आपलं पाऱ्याचं मशीन पुसायला घेतलं.

मग मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाल्या, "दारापाशी नवं टेबल-खुर्ची ठेवतेय. येणाऱ्या प्रत्येकाची नोंद, बीपी, वजन तिथेच होईल. तिथे एकच जण बसेल. दुसऱ्याने औषधाची खिडकी सांभाळायची. कोण कुठे, ते पंधरा दिवसांनी सांगते."

खुर्ची मी पाहिली. फिरती खुर्ची! पाठीला जाळी, हाताला टेकू. दारातून आत आलेल्या माणसाला पहिलं तोंड दिसणार ते त्या खुर्चीतलं. मी त्या दिवशी घरी जेवलो नाही नीट. बायको म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. पण मनात एकच. ती खुर्ची मला पाहिजे. विमलबाईला सगळं गाव आहे, मला निदान एक खुर्ची तरी मिळावी.

त्या पंधरा दिवसांत मॅडम स्वतःच लॅपटॉपवर नोंदी करून राह्यल्या होत्या. एक दिवस मी पुड्या बांधता बांधता ऐकलं.

मॅडमनी समोरच्या शेतकरी माणसाला विचारलं, "तुम्ही कुठे असता?"

"मी? लाडखेडले असतो जी."

"कायम?"

"नाही, कायम नाही. कधी कधी दारव्ह्याले येतो. मागच्या महिन्यात तं यवतमाळच्या वेशीवर होतो."

"फिरतीचं काम आहे का?"

"नाही जी. गोळी घेतली का येतो वापस."

मॅडमनी टाइप केलं, पत्ता: लाडखेड. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यामागून आलेली बाई म्हणाली, मी दारव्ह्याची. तिसरा म्हणाला, मीही लाडखेडचाच, पण आता उतरून राह्यलो. तिघंही आमच्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर राहणारे. मी खिडकीमागं तोंडात रुमाल कोंबून हसलो.

मला तेव्हाच सांगता आलं असतं. सांगितलं नाही. चालू दे म्हटलं.

दहाव्या दिवशी मॅडम मोठ्या उत्साहात म्हणाल्या, "गजाननराव, एक लक्षात आलंय का तुमच्या? आपले निम्मे पेशंट लाडखेडचे आहेत. बिचारे एवढ्या लांबून येतात. आपण दर बुधवारी तिथेच एक खोली घेऊन बसलो तर?"

आता मी काय केलं ते सांगतो. मी हातातली पुडी खाली ठेवली, अत्यंत दुःखी चेहरा केला, अन् म्हटलं, "मॅडम, तुमचं नुकसान मले पाहवत नाही म्हणून सांगतो." अन् सगळं सांगितलं. दिग्रस, दारव्हा, लाडखेड, पुसद, सगळं. वर हेही जोडलं की लोक अडाणी राहतात अशानं, स्वतःचा आकडाही कोणाला माहीत नाही.

मॅडम आधी हसल्या. पोट धरून हसल्या. मग गंभीर झाल्या. विमलबाईला बोलावलं. "बाई, हे बंद करायचं. पेशंटला त्याचा आकडा कळला पाहिजे. तो त्याचा हक्क आहे. उद्या हा माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे गेला आणि म्हणाला मी लाडखेडला आहे, तर?"

बोलणं खोटं नव्हतं. विमलबाई म्हणाली, "हौ मॅडम." एवढंच.

खुर्ची मला मिळाली.

विमलबाईनं आपलं पाऱ्याचं मशीन उचललं अन् औषधाच्या खोलीत गेली. जाताना म्हणाली, "सांभाळून बसा भाऊ, फिरते ते." मी मनात म्हटलं, जळते माझ्यावर. जळू दे! अठरा वर्षं मी जळलो, आता तिची पाळी.

पहिले दोन दिवस मी त्या खुर्चीत नवरदेवासारखा बसलो. बटण दाबायचं, मशीन फुगायचं, चिठ्ठी निघायची, मी खणखणीत आवाजात वाचायचो, "एकशे चाळीस बाय नव्वद!" अन् समोरचा विचारायचा, "म्हंजे कुठी?"

"कुठी नाही. एकशे चाळीस बाय नव्वद."

"हौ, पण म्हंजे दारव्हा का लाडखेड?"

मी म्हणायचो, ते बंद झालं. मग ती मंडळी काय करत? चिठ्ठी घेऊन थेट औषधाच्या खिडकीशी जात, कमरेत वाकत, मान वाकडी करत अन् आत तोंड घालून विचारत, "विमलबाई, हे कुठी आलं व?" अहो, त्या खिडकीशी बावीस वर्षं मी उभा होतो. माझं तोंड पाहायला एक माणूस कधी वाकला नाही. अन् आता साठी ओलांडलेल्या बुढ्याही गुडघ्यावर हात ठेवून वाकत होत्या. ती आतून म्हणायची, "मॅडमनं नाही म्हटलं ना बाप्पा. आकडा ध्यानात ठेवा." अन् त्यांना आकडा पाठ करायला लावायची. मी खुर्ची गर्रकन फिरवून भिंतीकडं तोंड करायचो.

तिसऱ्या दिवशी नामदेवबुवा आला. पंचाहत्तरीचा माणूस, कानानं जरा कमी. कापसाच्या बाजारात जन्मभर मापारी होता, काट्यावर कापूस तोलायचा. गोळ्या घरी शिल्लक होत्या, नुसता तपासायला आला होता. गर्दी होती. त्याच्या आधी एका जवान पोराचं मोजलं, ते आलं एकशे वीस. मग बुवाच्या दंडाला पट्टा लावला.

"एकशे ब्याऐंशी बाय एकशे चार," मी वाचलं.

"किती?"

"एकशे ब्याऐंशी!"

बुवानं त्या पोराकडं पाहिलं. "अन् याचे?"

"एकशे वीस."

"म्हंजे मी याच्या पुढं आहो ना?"

मागं पाच जण उभे होते. मी म्हटलं, "हौ हौ, पुढं आहे. बसा तिकडं, नंबर लागंल."

बुवा खूश. पोराच्या पाठीत थाप मारून म्हणाला, "खात जाय काही, लेका!" अन् टोपी नीट करून निघून गेला. मी पाहिलं त्याला जाताना. दुसऱ्याच्या दंडाला पट्टा लावला.

थोड्या वेळानं खिडकीतून आवाज आला, "भाऊ, नामदेवबुवा दिसलता ना मघा? खिडकीशी नाही आला तो."

"गेला."

"त्याचं किती होतं?"

"एकशे ब्याऐंशी."

आतून बाटल्या पडल्याचा आवाज आला. विमलबाई बाहेर आली ती पळतच. पंचावन्न वर्षांची बाई, पायात चप्पल नाही, पदर कमरेला. "गेला कसा? हसत गेला का तो?" मी म्हटलं, हौ, हसत. झालं, ती दाराबाहेर. तिच्या मागं मीही धावलो. कायले खोटं बोलू, बुवाच्या काळजीनं नाही धावलो. ही बाई आता याचंही श्रेय घेऊन येईल, म्हणून धावलो.

स्टँडवर यवतमाळची गाडी लागलेली. बुवा लेकीकडं दारव्ह्याला निघाला होता, खिडकीशी बसून शेजारच्याला सांगत होता, "एकशे ब्याऐंशी भरलो ना मी! तो जवान पोट्टा, एकशे वीस!"

विमलबाई गाडीत चढली अन् त्याच्या कानाशी ओरडली, "बुवा, उतरा! तुमचं यवतमाळले पोचलं!"

कंडक्टर म्हणाला, "अव बाई, यवतमाळलेच जाते ना ही गाडी. बसू द्या त्याले."

"मी नाही जात यवतमाळले!" बुवा एवढ्या जोरानं ओरडला की अर्धी गाडी उठून उभी राहिली. चेहरा पांढरा पडला होता त्याचा. दोन्ही हातांनी विमलबाईचा दंड धरून तो पायरी पायरी उतरला. मी पिशवी घेतली. दुसरं काही करायला उरलं नव्हतं.

मॅडमनी त्याला आत निजवलं, औषध दिलं, दुपारपर्यंत उठू दिलं नाही. मला एवढंच म्हणाल्या, "याला जाऊ कसं दिलं गजाननराव? हा रस्त्यात पडला असता."

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर मी औषधाच्या खोलीत गेलो. विमलबाई फुटलेल्या बाटलीच्या काचा वेचून राह्यली होती. मी दारातच उभा राहून विचारलं, "तुम्हाले कसं समजलं, तो हसत गेला म्हणून?"

ती म्हणाली, "माह्या घरचेही हसलते."

ती काचा वेचता वेचताच सांगत गेली.

"झरीकडं, जंगलात आमचं गाव. मी लहान होती. दवाखान्याची एक गाडी आलती. सगळ्याईच्या दंडाले पट्टा बांधला अन् आकडे सांगतले. आम्हाले वाटलं, दंडाची ताकद मोजून राह्यले. कोणाचे एकशे वीस, कोणाचे एकशे तीस. मायचे दोनशे दहा. बापानं गावभर सांगतलं, माह्या बायकोचे दोनशे दहा भरले. बाया इचारत, काय खातं व तू? माय लाजे. तिले कशात पहिला नंबर कधी भेटलाच नव्हता ना."

"डॉक्टर काही बोलला नाही?"

"चिठ्ठी दिलती. तालुक्याले आणा म्हणून लिहिलं असंल. वाचता कोणाले येत होतं? बापानं ते देवापाशी ठेवली, बक्षीस म्हणून." तिनं काचा कागदात गुंडाळल्या. "तिसऱ्या दिवशी माय वावरात पडली. उठलीच नाही. कोणी नुसतं यवतमाळ म्हटलं असतं ना भाऊ, तं बापानं बैल इकून गाडी केली असती."

अठरा वर्षं मी या बाईसंग काम केलं. चावी कुठी आहे अन् कापूस संपला का, याच्यापलीकडं तिला कधी काही विचारलं नव्हतं. दारात उभा राहून मला रडू यायला लागलं, अन् ते तिला दिसू नये म्हणून मी वळलो.

तसाच मॅडमच्या खोलीत गेलो. उभ्यानंच बोललो. "मॅडम, ते गावाईचं मी तुम्हाले सांगतलं, ते तुमच्या भल्यासाठी नव्हतं. मले खुर्ची पाह्यजे होती. विमलबाईले समोर बसवा. आकडा चिठ्ठीवर लिहून द्या, पण गाव तिले सांगू द्या."

"आणि तुम्ही?"

"मी खिडकीत."

मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडं नीट पाहिलं. "घाई नको, गजाननराव. रात्रभर विचार करा, उद्या सांगा."

"उद्या नको जी," मी म्हटलं. "आत्ताच हौ म्हणा. मी इतका वेळ चांगला राहत नाही."